सर्वांसाठी खुले : पाटी आणि दार

(संस्थेच्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला जो विषय दिला आहे त्याचे नाव आहे ‘युवक विकासाचे उपक्रम आणि सर्वसमावेशकता’. नाव भारदस्त आहे. असे विषय भाषणाला सोयीचे असतात, कारण त्यावर कुणाचे दुमत नसते आणि ऐकून झाल्यावर कुणाला काही करावेही लागत नाही. म्हणून मी हा विषय जरा खाली उतरवून घेतला आहे. आपल्या अभ्यासिकेच्या दारावर पाटी आहे : ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली’. युवक शिबिराच्या पत्रकावरही तेच शब्द असतात. पाटी रंगविणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, हे मी जाणतो. माझा प्रश्न एवढाच आहे की ती पाटी वाचून कोण आत येतो आणि कोण तशीच वाचून पुढे निघून जातो.

अभ्यासिकेची हजेरीवही मी मुद्दाम चाळली. नावे बहुतेक आपल्याच चार वस्त्यांतली आहेत. मुली बोटांवर मोजण्याइतक्या. तांड्यावरचा एक मुलगा पंधरा दिवस आला आणि मग त्याचे नाव दिसेनासे झाले. पारधी वस्तीवरचे एकही नाव नाही, बागवान गल्लीतले नाही, मातंग वस्तीतली दोन. आता यावर आपण सहज म्हणू शकतो की आम्ही कुणाला अडविले होते का? नाही, कुणीही अडविलेले नाही. पण न अडविणे आणि आत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज मला त्याच फरकाविषयी बोलायचे आहे.

हा फरक आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. कागदावर कुणाला मज्जाव नव्हता. परंतु व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांच्याच जातीच्या मुलांना त्याचा लाभ होत गेला आणि व्यवहारात ते जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच वसतिगृह होऊन बसले. राजाची इच्छा, राजाचा पैसा, सर्वांना मुभा, आणि तरीही हा परिणाम! ज्यांना वाटते की दार उघडे ठेवले म्हणजे काम संपले, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. एखादा शेतकऱ्याचा पोर गावाकडून येऊन त्या वसतिगृहाच्या पायरीवर उभा राहिला असेल, तर आत कोण बसले आहे, कोणती भाषा बोलली जात आहे, पंगत कशी मांडली आहे, हे पाहूनच त्याने ओळखले असेल की हे आपल्यासाठी नाही. ‘येऊ नकोस’ असे त्याला कुणी सांगण्याची गरजच पडली नसेल.

महाराजांनी यातून धडा घेतला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे आणि जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे, १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढच्या काळात तर कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. काही विद्वान आजही नाक मुरडतात की महाराजांनी जातवार वसतिगृहे काढून जातींना खतपाणी घातले. मला ते मत मान्य नाही. जो मुलगा पहिल्यांदाच गाव सोडून शहरात आला आहे, ज्याच्या घरात कुणी अक्षर गिरविलेले नाही, त्याला पाय रोवायला आधी आपल्या माणसांची एक खोली लागते. तेथे त्याला आपल्या बोलीची लाज वाटत नाही, ताटात काय आहे याचा खुलासा करावा लागत नाही आणि दिवसभरात झालेला अपमान रात्री बोलून दाखविता येतो. अशी खोली ही चैन नव्हे, ती गरज आहे.

पण त्या खोलीचे दार आतून लावून घेतले म्हणजे काय होते, तेही कोल्हापूरनेच दाखविले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटन समारंभाला जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की तू बाटलास, आधी आंघोळ कर. त्याने नकार दिला. त्याला वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. ज्या वसतिगृहाचा जन्म मागे पडलेल्यांना हात देण्यासाठी झाला, त्याच वसतिगृहाने एका समारंभाला जाऊन आलेल्या आपल्याच मुलाला बाहेर काढले. त्या संस्थेला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळी कोणत्याही जातीच्या वसतिगृहात असे घडू शकले असते. सांगायचे आहे ते हे की, कालचा वंचित आज दारावर उभा राहिला की तोही येणाऱ्याची चौकशी करू लागतो. बाहेर उभे राहण्याचा अनुभव आपोआप कुणाला उदार करीत नाही.

भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहात, एकाच चुलीवर स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींनी तेथे भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले, ही हकीकत आपण शाळेत ऐकलेली असते. पण माझ्या मते त्या वसतिगृहाचे खरे मर्म चुलीजवळ होते. मुले दळत होती, पाणी भरत होती, भाकरी थापत होती. पिठात कुणाचा हात गेला हे विचारायला जागाच उरत नव्हती. समतेवर व्याख्यान देणे सोपे, पण शेजारच्याने मळलेल्या पिठाची भाकरी रोज खाणे हे शिक्षण वेगळे आहे.

तोच काळ बाबासाहेबांच्या संस्थाजीवनाच्या आरंभाचा आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सभेने वसतिगृह सुरू केले. मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला. हॉकी क्लबची गोष्ट आपण फार क्वचित सांगतो. तरुण पोरांनी जुगार आणि दारूच्या अड्ड्यावर जाऊ नये एवढेच सांगून भागत नाही, संध्याकाळी त्यांनी जायचे कुठे याचे उत्तर द्यावे लागते, ही समज त्यामागे होती. हे झाले आपल्या माणसांची खोली उभारण्याचे काम. आणि त्यानंतर वीस वर्षांनी, १९४५ साली, बाबासाहेबांनी जी शिक्षणसंस्था काढली तिचे नाव काय ठेवले? पीपल्स एज्युकेशन सोसायटी. लोकांची. तिचे मुंबईतील पहिले महाविद्यालय १९४६ साली निघाले आणि त्याला सिद्धार्थ हे नाव दिले गेले. धम्मदीक्षा १९५६ ची, म्हणजे दहा वर्षे पुढची. नाव तथागतांचे, आणि दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना मोकळे. दिवसा कचेरीत नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय उभे राहिले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणाची आबाळ झालेल्या या मराठवाड्यात किती जातींच्या, किती घरांतल्या पहिल्या पदवीधरांनी त्या वर्गांत शिक्षण घेतले आहे, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

सकाळच्या वर्गांचा मी मुद्दाम उल्लेख केला. कारण कोण आत येणार हे बऱ्याच वेळा घड्याळ आणि कॅलेंडर ठरविते, आणि आपले लक्ष असते ते पाटीवर. याबाबत मी थोडे विस्ताराने बोलणार आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून मी तालुक्याच्या महाविद्यालयात काही वर्षे काम केले आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. ग्रामीण भागातील तरुणाला तिच्यामुळे पहिल्यांदा खोऱ्या-टिकावाबरोबर माईकही हातात मिळतो. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर आपल्याकडे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होते. दरवर्षी शिबिराला न येणाऱ्यांची यादी मी करीत असे. त्या यादीत ठराविक गावांची, ठराविक तांड्यांची नावे पुन्हा पुन्हा येत. सहकारी म्हणत, “सर, ही पोरं कामचुकार.” एकदा त्या यादीतल्या एका मुलीला मी विचारले. ती म्हणाली, “सर, आई-बाप कारखान्याला गेलेत. घरी आजी हाय, दोन शेळ्या हायेत, धाकटा भाऊ सातवीला हाय. सात राती मी कशी ऱ्हाऊ?”

आपला बीड जिल्हा हा ऊसतोडीचा जिल्हा आहे. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर परततात. त्या सहा महिन्यांत घरातली मोठी मुलगी हीच घराची कर्ती असते. थोरला मुलगा असला तर पुष्कळदा तोही फडात असतो. म्हणजे जिल्ह्यातील ज्या तरुणांना शिबिराची सर्वांत जास्त गरज, त्यांच्या घरी माणूस नसतानाच आपण शिबिर घेतो आणि मग गैरहजेरी लावतो! विद्यापीठाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या हाती, ते एकवेळ समजू शकते. पण आपल्या संस्थेवर कोणत्या विद्यापीठाचे बंधन आहे? तरीही आपले युवक शिबिर दरवर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होते, कारण मागल्या वर्षी ते डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाले होते. माझी सूचना आहे की ते मे महिन्यात घ्यावे. उन्हाचा त्रास आहे, मान्य. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ असा कार्यक्रम बसविता येतो, दुपारी झाडाखाली गाणी आणि वाचन. मे महिन्यात कोयता घरी असतो, मुलगी मोकळी असते. काहींना लग्नसराईची अडचण होईल. पण लग्नाची तारीख आपण मुहूर्त पाहून काढीत नाही, तेव्हा ती पुढेमागे करता येते, असे मी विनोदाने नव्हे तर गांभीर्याने म्हणतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अभ्यासिकेची वेळ रात्री अकरापर्यंत आहे याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु रात्री आठनंतर तेथे एकही मुलगी नसते. मुलींची संख्या वाढावी म्हणून पत्रके वाटण्यापेक्षा पहाटे पाचला अभ्यासिका उघडा, गल्लीच्या तोंडाशी दिवा लावा आणि शौचालयाला आतून कडी बसवा. एवढे केले की पत्रक छापण्याचे पैसे वाचतील. शिबिरातही मुलींच्या हातात लाटणे आणि मुलांच्या हातात फावडे, ही वाटणी आता पुरे झाली. साताऱ्याच्या चुलीजवळ मुलगे भाकरी थापीत होते त्याला शंभर वर्षे झाली आहेत.

आता मी जरा नाजूक विषयाकडे वळतो. काही सभासदांना माझे म्हणणे पटणार नाही, त्यांनी ते अवश्य बोलून दाखवावे.

आपल्या स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन वर्गाची सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने होते. आपल्यासाठी ते स्वाभाविक आहे, त्यात आपले सर्वस्व आहे. परंतु त्या वर्गाला आलेला मातंग वस्तीतला, धनगर वाड्यावरचा किंवा बागवान गल्लीतला मुलगा त्या पाच मिनिटांत काय करतो, हे आपण कधी पाहिले आहे का? तो हात जोडावेत की नाही या विचारात इकडेतिकडे पाहतो. उभा राहिला तर खोटे वाटते, बसला तर सर्वांच्या डोळ्यांत येतो. दोन दिवस तो सोसतो आणि तिसऱ्या दिवशी उशिरा येतो, चौथ्या दिवशी येतच नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, शाळेत ज्या प्रार्थना आपल्या नव्हत्या त्या म्हणताना आपली हीच अवस्था होत असे. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात तरतूद आहे की, राज्याची मान्यता किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेतील कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय तेथील धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येणार नाही. आपली अभ्यासिका त्या कलमाच्या कक्षेत येते की नाही हा वकिलांचा प्रश्न झाला. त्या कलमातला न्याय मात्र आपल्याला उमजला पाहिजे.

एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, “मग संस्थेच्या नावात बौद्ध हा शब्द तरी कशाला ठेवायचा?” प्रश्न रास्त आहे. वंदना बंद करा असे मी म्हणतच नाही. वंदना विहारात व्हावी, वर्गाच्या अर्धा तास आधी व्हावी, ज्यांना यायचे त्यांनी मनापासून यावे, आणि वर्ग वेळेवर गणिताने सुरू व्हावा. आपले धम्म अभ्यासवर्ग, आपल्या मुलांची आपली खोली, तीही असावी. तेथे आपण आपल्या दुःखाविषयी मोकळेपणाने बोलावे. शिबिर, अभ्यासिका, क्रीडास्पर्धा आणि मार्गदर्शन वर्ग ही मात्र सामाईक ओसरी आहे. ओसरीवर येणाऱ्याला आपण आधी पाणी देतो, घराण्याची चौकशी करीत नाही. नावाचे म्हणाल तर सिद्धार्थ महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थच राहिले, त्यासाठी तेथील विद्यार्थ्यांना बौद्ध व्हावे लागले नाही.

घराण्याच्या चौकशीवरून आठवले. आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न नाव कळण्यासाठी विचारला जात नाही. नुसते नाव सांगितले की विचारणारा थांबतो, आणि आडनाव ऐकले की त्याचे समाधान होते. शिबिराच्या पहिल्या दिवशी ओळखपरेडीत आम्ही एक पद्धत ठेवली होती : फक्त पहिले नाव, गावाचे नाव आणि येणारी एखादी कला. आडनाव सातव्या दिवशी प्रमाणपत्रावर. सात दिवस पोरे चुळबुळत असत! ही युक्ती आहे, तिने जात जात नाही. पण सात दिवस एखाद्याला त्याच्या कामावरून ओळखण्याची सवय लागते, हेही थोडे नव्हे. शिबिराच्या अर्जावरील लिंगाच्या रकान्यात आजही दोनच चौकोन आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आहे, २०१९ चा कायदाही आहे. अर्जावर एक चौकोन वाढवायला पैसे पडत नाहीत.

पारधी वस्तीचा मी सुरुवातीला उल्लेख केला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला चोर ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, नजर राहिली. शिबिरात कुणाचे घड्याळ किंवा पैसे हरवले की सगळ्यांच्या माना एकाच मुलाकडे वळतात. तोही ते पाहतो. त्या एका क्षणात तुमच्या सात दिवसांच्या समतेच्या गाण्यांवर पाणी पडते. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही, व्यवस्था लागते. पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा मोबाईल, पैसे, दागिना एका कुलपाच्या पेटीत जमा करून पावती द्यायची, आणि काही हरवले तरी कुणाच्याही पिशवीची झडती घ्यायची नाही, हा नियम आधी वाचून दाखवायचा. नियम सर्वांना सारखा असला की एका माणसावर बोट रोखण्याची वेळच येत नाही. शुल्काचेही तसेच. ‘ज्यांना परवडत नाही त्यांनी हात वर करा’ असे भर सभेत विचारणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. हेतू चांगला, पण कोणता स्वाभिमानी तरुण हात वर करील? बंद पाकिटात जमेल तेवढे टाका, नाही जमले तर रिकामे पाकीट टाका, म्हणजे कुणी किती दिले हे कुणाला कळत नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण येथे बोलण्यापेक्षा हमालीची गरज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली. आपली अभ्यासिका मात्र पहिल्या मजल्यावर आहे, आणि खालच्या मोठ्या खोलीत जयंतीच्या मंडपाचे साहित्य, लोखंडी खुर्च्या आणि जुने ध्वनिक्षेपक ठेवले आहेत. खुर्च्यांना जिना चढता येत नाही म्हणून त्या खाली, आणि कुबड्या घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याने वर जावे, अशी ही व्यवस्था! ही अदलाबदल एका रविवारात होऊ शकते. माझ्या एका शिबिरात एक कर्णबधिर विद्यार्थी होता. त्याच्यामुळे आम्ही रांगेऐवजी गोल बसू लागलो, म्हणजे त्याला प्रत्येकाचा चेहरा दिसावा, आणि दिवसाचा कार्यक्रम फळ्यावर लिहू लागलो. गंमत म्हणजे त्याचा फायदा ऐकू येणाऱ्यांनाच जास्त झाला. मागच्या रांगेत बसून झोपा काढणाऱ्यांची सोय संपली. अंध विद्यार्थ्यांना आज मोबाईलवर पुस्तक ऐकता येते, आपण फक्त त्यांना बसायला जागा आणि चार्जिंगला बटण द्यायचे आहे.

जेवणाबाबत एकच सांगतो. शिबिराआधी अर्जावर विचारा : काय खात नाही, उपवास-रोजा आहे का, औषध कोणते चालू आहे. रमजानात शिबिर असेल तर पहाटेच्या सहेरीसाठी चूल लवकर पेटवावी लागते. स्वयंपाक्याला एक दिवस आधी सांगितले की तो कुरकुरत का होईना, पेटवितो. याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

हे सर्व करूनही एक गोष्ट उरते, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड. बाहेरचा मुलगा आत आला, रुळला, रोज येऊ लागला. पुढे काय? पुढे आपण त्याला खुर्च्या लावायला सांगतो. सूत्रसंचालन मात्र तोच मुलगा करतो ज्याची वाणी शुद्ध, म्हणजे ज्याचा बाप शिक्षक. गटप्रमुख तोच, शिबिराच्या अहवालात छायाचित्र त्याचेच. तांड्यावरच्या मुलाला गोरमाटीत सुरेख गोष्ट सांगता येते, पण मराठीत तो अडखळतो म्हणून त्याला माईक मिळत नाही. मग तो पंधरा दिवसांत का दिसेनासा होतो याचे उत्तर हजेरीवहीत शोधून सापडत नाही.

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शाक्य कुळातील भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. राजकुमारांनी तथागतांना विनंती केली की उपालीला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे संघात तो आम्हांला ज्येष्ठ होईल आणि आम्ही त्याला वंदन करू, आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. तथागतांनी तसे केले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न विचारले गेले ते याच उपालीला. आपण ही कथा सांगतो तेव्हा ‘न्हाव्यालाही संघात घेतले’ एवढ्यावर थांबतो. घेतले हे तर खरेच, पण आधी घेतले, आणि पुढे नियमांचे जाणकार म्हणून त्याचाच शब्द प्रमाण मानला. प्रवेश देणे आणि ज्येष्ठता देणे यांत केवढे अंतर आहे, ते या प्रसंगात दिसते. संघातला क्रम कुळावर नव्हता, वयावरही नव्हता, कोण आधी आला यावर होता. आपल्या युवक समितीत सध्या सात सभासद आहेत आणि सातही आपल्याच वस्त्यांतले आहेत.

काही जण म्हणतील, आधी आपल्या मुलांचे तर बघा. आपली मुले अजून कुठे पुढे गेली आहेत? गुरुजी, हे खरे आहे. आपल्या वस्तीत आजही पदवी घेऊन बेकार बसलेले तरुण आहेत आणि नोकरभरतीच्या जाहिरातीची वाट पाहता पाहता त्यांचे वय निघून चालले आहे. त्यांच्या वाटणीतले काढून दुसऱ्याला द्या असे मी म्हणत नाही. अभ्यासिकेत रिकाम्या खुर्च्या आहेत. आणि आपल्या मुलाला उद्या ज्या कचेरीत, ज्या गावात नोकरी करायची आहे तेथे सर्व जातिधर्मांची माणसे असणार आहेत. ज्याने पारधी मुलाबरोबर एका ताटात खाल्ले आहे आणि मुस्लिम मैत्रिणीबरोबर एका प्रश्नपत्रिकेवर वाद घातला आहे, तो मुलगा तलाठी झाला किंवा फौजदार झाला, तर दारात आलेल्या माणसाशी कसा बोलेल याचा विचार करा. युवक विकास म्हणून जे काही म्हणतात त्यातला हा भाग पुस्तकात मिळत नाही.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे. माझ्या सूचना मी लेखी दिल्या आहेत. शिबिर मे महिन्यात घ्यावे, वंदना वर्गाच्या आधी विहारात व्हावी, अभ्यासिका पहाटे पाचला उघडावी आणि युवक समितीच्या सभासदांची संख्या वाढवून त्यांत तांडा, मातंग वस्ती, पारधी वस्ती आणि बागवान गल्ली येथील तरुण-तरुणी घ्याव्यात, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. त्यांना घेण्याआधी त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागेल की तुम्हांला काय हवे आहे, आणि त्यांचे उत्तर आपल्या सूचनांपेक्षा निराळे असू शकते. चर्चा होईल, विरोधही होईल, तो व्हावा. खालची खोली रिकामी करण्यासाठी मात्र बैठकीच्या मंजुरीची गरज नाही, अध्यक्षांनी आताच होकार दिला आहे. मंडपाचे साहित्य जड आहे. जे विद्यार्थी रविवारी सकाळी आठ वाजता येऊ शकतील त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नाव द्यावे. फक्त पहिले नाव दिले तरी चालेल.

जयभीम.